कुठून, कुठे, कशासाठी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०१४

चौदा सांधे तपासले, तीन नापास केले. वेल्डर पुटपुटला, "या बाईसमोर देव आला तरी सही मिळायची नाही!" मी म्हटलं, "देवाने आधी सांधा घासून स्वच्छ करावा, मग बघू." सगळे हसले. तोही हसला, पण तिन्ही सांधे कापून पुन्हा केले त्याने. करणारच. न करून सांगतो कुणाला?

या बंदरावर आज बरोबर वर्ष भरलं. स्केलथ्वेटचा फिरता पूल! जहाज आलं की आडवा फिरून वाट द्यायचा म्हणे, पण एकोणीस वर्षं गंजून जागच्या जागी बसला होता. तो पुन्हा फिरवायचाय, आणि त्याच्या प्रत्येक सांध्याखाली माझी सही आहे. ग्लेंडा सगडेन, वेल्डिंग तपासनीस. कंपनी माझी. मालकीण मी, नोकर मी, चहा करणारीही मीच.

पहाटे पावणेपाचला हॅलिफॅक्सहून निघाले. स्किप्टन, कर्बी लॉन्सडेल, शॅपचा घाट, पेनरिथ, आणि मग समुद्र. गाडीतल्या वहीत नोंद: कुठून — घर. कुठे — स्केलथ्वेट. कशासाठी — पूल. मैल — १३४. गाडी बंद केल्याकेल्या लिहायचं, हातमोजे काढायच्या आधी. एकवीस वर्षं हा नेम आहे. एकतीस जागा झाल्या, वीजघरं, पूल, गोद्या, एक साखर कारखानासुद्धा. आणि एकाही जागी चोवीस महिने पुरे केले नाहीत!

कराचा तो नियम मला पाठ आहे. काम तात्पुरत्या जागी असेल तर जाण्यायेण्याच्या आणि राहण्याच्या पैशावर कर नाही. त्या जागी चोवीस महिन्यांहून जास्त काम करणार असाल तर ती जागा तात्पुरती नाही, सवलत संपली. आणि मेख अशी, की चोवीस महिने भरल्यावर नाही, जास्त राहणार हे ज्या दिवशी तुम्हाला कळलं त्या दिवसापासून संपली. निम्मे लोक इथेच गडबडतात. मी नाही. करखात्याचा माणूस एकदा माझ्या वह्या बघायला आला होता. सगळी दुपार काढून आला होता, चाळीस मिनिटांत उठला. म्हणाला, "बाई, या वह्या चौकटीत लावा."

फुशारकी आहे. असू दे. ही रोजनिशी वाचणारं आहे कोण? माजी नवरा म्हणायचा, "तुला घरापेक्षा ती वही प्यारी." खोटं बोलत नव्हता. बोलला ते एवढंच खरं बोलला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आयझॅक फिअरन दर गुरुवारी भाड्याची पावती फाडताना तोंड वाकडं करतो. सोमवार ते गुरुवार मी त्याच्या मागच्या खोलीत असते. एकटा राहतो, बायको जाऊन आठ वर्षं झाली. "चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली," म्हणतो, "आणि म्हातारपणी स्वतःच्या घरात तिकीट खिडकी उघडून बसलोय!" एकसष्टाव्या वर्षी म्हातारपण! आणि मला 'पोरी' म्हणतो. मी सत्तावन्न!

आज त्याने माझी मैलांची वही बघायला मागितली. पानं उलटत गेला. मी आपली वाट बघतेय, आता वाहवा येईल. शेवटी म्हणाला, "वेळ कुठाय? निघालीस किती वाजता, पोचलीस किती वाजता?"

"करखात्याला लागत नाही."

"आमच्या वहीत मिनिटं असायची."

करखात्याला जी खोट सापडली नाही ती या माणसाने चहा गार व्हायच्या आत काढली! राग आला. गाडीत जाऊन नवीन रकाना आखला. मिनिटांचा.

गुरुवार, १० एप्रिल

क्रेग मॉसप चहाचा कप घेऊन माझ्या पत्र्याच्या ऑफिसात आला. साइटचा साहेब तो, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. म्हणाला, "पूल झाला की गोदीचे दरवाजे घेतोय, ग्लेंडा. दोन-अडीच वर्षांचं काम. वरून मंजुरी आली. तपासायला तुम्हीच. दुसरं आहे कोण?"

मी म्हटलं, "कागदावर आलं की बोल." माझं कंत्राट नोव्हेंबरपर्यंत. एकवीस महिने. कागद तेवढंच म्हणतो आणि मी कागदाचं ऐकते.

पण "दुसरं आहे कोण?" — किती छान वाटलं! दुपारभर तेच डोक्यात. एकही सांधा नापास केला नाही. उद्या परत तपासते, उगाच खुशीत सोडून दिला असेल एखादा.

शनिवार, १२ एप्रिल

शॅपवर धुकं असेल म्हणून काल घरी गेले नाही.

आयझॅकने टपालाने अ‍ॅस्परॅगसची, म्हणजे त्या कोवळ्या कोंबांच्या भाजीची, मुळं मागवलीत. उघडली तर दिसायला मेलेल्या कोळीकिड्यांचा पुडा! त्याच्या पाठीत उसण भरलेली, म्हणून चर मी खणला. मध्ये मातीचा उंचवटा, त्यावर मुळं पाय पसरून बसवायची, वर माती. तो पायरीवर बसून हुकूम सोडत होता. "डावीकडे आण. अगं, तुझ्या डावीकडे नाही, बागेच्या डावीकडे!" बागेला डावं-उजवं असतं हे मला आज कळलं.

मग म्हणाला, "या वर्षी एकही कोंब कापायचा नाही. पुढच्या वर्षीही नाही. वाढू द्यायचे नुसते, मुळं धरतात. तिसऱ्या वर्षी खायचं." रिकामा पुडा चुरगळला. "वीस मुळं मागवून बसलो मूर्खासारखा. एकट्याला एवढी करायचीत काय? तिसऱ्या वर्षी खाणार कोण?"

"मी खाईन," म्हटलं मी. "लोणी घालून."

तो उठून, उसण भरलेली असताना, झारी भरून आणली.

नखांतली माती निघता निघत नाहीये. काढायची घाईही नाही.

शुक्रवार, २३ मे

१३४ मैल, ३ तास ६ मिनिटं. घरात शिरले तर दूध नासलेलं, भिंतीला बुरशी. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अरे वा, आलात! किती दिवस आहात?" माझ्याच घरात मला विचारते!

बुधवार, १६ जुलै

फिरला!!

सकाळी दहा वाजून चार मिनिटं. सगळं गाव धक्क्यावर. शाळा सोडलेली, बेकरीवाली दुकान उघडं टाकून आलेली. आधी एक कण्हल्यासारखा आवाज आला. मग हलला. इतका हळू, की समोरच्या खांबाशी ताडून बघितलं तेव्हा खरं वाटलं. सहा मिनिटांत पूर्ण आडवा. एकही सांधा बोलला नाही. एकही!

नापास झालेल्या तीन सांध्यांचा वेल्डर गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्याशी हात मिळवून गेला. मला तेवढं पुरे.

आयझॅक टोपी हातात घेऊन उभा होता. शेजारच्याला सांगत होता, "आमच्याकडची बाई आहे ती. तिच्या सहीशिवाय इथला खिळासुद्धा हलत नाही." मी ऐकलं नाही असं दाखवलं. सगळं ऐकलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पत्र आलं. गोदीचे दरवाजे, मार्च २०१७पर्यंत. क्रेगने पत्र हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

"एक सुचवू? हे फाडून टाकतो. त्याऐवजी दोन पत्रं. पहिलं जानेवारी अखेरपर्यंत, म्हणजे चोवीस महिने भरत नाहीत. दुसरं देतो फेब्रुवारीत. मधल्या काळात तुम्हाला काही ठाऊकच नाही! सगळे असंच करतात."

"मला ठाऊक आहे. आत्ताच तू सांगितलंस."

"मी काही बोललोच नाही."

"मग माझ्या हातात काय आहे हे? हवामानाचा अंदाज?"

तो हसला. म्हणाला, "तुमचंच नुकसान." मी म्हटलं, "माझंच आहे ना? मग तू नको झुरू." दर आठवड्याचे मैल, खोलीचं भाडं, सगळ्यावर आता कर भरायचा. कमी नाही ते. पण पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि बाहेर आले तेव्हा मान अशी ताठ होती, की डोक्यावरचं हेल्मेट दाराच्या चौकटीला आपटलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

हॅलिफॅक्सला परस्पर नुआलाकडे गेले. नुआला फीनी, माझे हिशेब बघते, बावीस वर्षांची मैत्रीण. मैलांची वही तिच्या टेबलावर ठेवली, १४ ऑक्टोबरखाली लाल रेघ. "इथून पुढे एक पैसा मागायचा नाही," म्हटलं.

तिने चष्मा काढला. "माझ्याकडे एकशे दहा गिऱ्हाइकं आहेत. आपणहून रेघ मारून आणणारी तू एकटी." मग म्हणाली, "ही वही मी नवीन लोकांना दाखवते, माहीत आहे? 'अशी ठेवा' म्हणून."

बशीतली शेवटची दोन बिस्किटंही मीच खाल्ली. आज मला कोण काय म्हणणार?

सोमवार, २० ऑक्टोबर

जेवताना आयझॅकला सगळं सांगितलं. पत्र, क्रेगची युक्ती, हेल्मेट, लाल रेघ. तिखटमीठ लावूनच सांगितलं. बटाटा-मटणाचं कालवण केलं होतं त्याने, बीटाच्या लोणच्याबरोबर. तो खात राहिला. वाहवा नाही, काही नाही.

मग म्हणाला, "केबिनमध्ये आमची एक वही असायची. पलीकडच्या केबिनमधून घंटा वाजायची. म्हणजे गाडी येतेय, घेतोस का? मी उलट घंटा द्यायचो, घेतो. त्या मिनिटाला नोंद. गाडी खिडकीतून दिसते तेव्हा नाही. नवे लोक हीच चूक करायचे, गाडी दिसली की लिहायचे. दिसायला काय, दिसलेली गाडी गाईलाही दिसते."

"बरं, मग?"

"मग काही नाही. लोणचं घे."

"आयझॅक!"

"तुझं पत्र म्हणजे गाडी झाली, पोरी. घंटा एप्रिलमध्ये वाजली. तू उलट घंटा दिलीस. माझ्या बागेत चर खणलास."

मी म्हटलं, "ती बाग आहे. कंत्राट नाही!" ताट तसंच ठेवून खोलीत आले. एकवीस वर्षं. एकतीस जागा. चौकटीत लावा म्हणाला होता करखात्याचा माणूस! आणि हा भाजीचा वाफा दाखवतो मला!

मंगळवार, २१ ऑक्टोबर

त्याच्याशी बोलले नाही. अकरा सांधे, पाच नापास. पाचही खरंच वाईट होते. दोनदा तपासले.

शनिवार, २५ ऑक्टोबर

हॅलिफॅक्स. ही रोजनिशी मागे उलटत गेले. एप्रिल काढला.

"शॅपवर धुकं असेल म्हणून." असेल! मी कधी 'असेल' लिहिते का? मैलांच्या वहीत एक तरी 'असेल' दाखवा! रस्त्याची खबर ऐकली नव्हती, रेडिओ लावला नव्हता. धुकं नव्हतंच. मला राहायचं होतं. क्रेग म्हणाला दोन-अडीच वर्षं, आणि दोन दिवसांनी मी जमिनीत असं काही लावलं जे दोन वर्षं कापायचं नसतं. "मी खाईन," म्हटलं. मी शब्द देते तो पाळण्यासाठी देते. म्हणजे मला ठाऊक होतं. कागदाला सहा महिन्यांनी कळलं, मला त्या दिवशीच.

कागदावर आलं की बोल, म्हणाले होते क्रेगला. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, नियमात 'कागद' हा शब्दच नाही, 'कळलं' हा आहे. आणि स्वतः कागदाची वाट बघत बसले. सांधा वरून चकचकीत, आत पोकळी. दुसऱ्या कुणाचा असता तर कापायला लावला असता.

मला वाईट कशाचं वाटतंय? पैशाचं नाही. वहीचं आहे. आणि आयझॅकचं, चार दिवस त्याला धड उत्तर दिलं नाही त्याचं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

नुआलाला फोन केला. "लाल रेघ चुकीच्या जागी आहे. बारा एप्रिल लिही. तेव्हापासून घेतलेलं सगळं पगार म्हणून धर, कर भरते."

"वेड लागलंय का तुला? कुणी विचारलं?"

"मीच."

"चहा पिता पिता कुणीतरी काहीतरी बोललं, एवढ्यावर मी कुणाचा कर वाढवत नाही. पुरावा काय आहे?"

"भाजी."

मग सगळं सांगितलं, मुळं, चर, लोणी. ती हसायला लागली आणि थांबेचना. "लोक माझ्याकडे पुरावे आणतात कर वाचवायला, ग्लेंडा. तू भाजी आणतेस कर भरायला!" मग एकदम हळू आवाजात, "तो माणूस कसा आहे गं?"

मी म्हटलं, "तो मिनिटं लिहितो." ठेवला फोन.

वहीत लाल रेघेवर काट मारली, सही केली, तारीख घातली. बारा एप्रिलखाली नवी रेघ ओढली. एकवीस वर्षांतली पहिली खाडाखोड. वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटली! इतकी सरळ रेघ मी आयुष्यात ओढली नव्हती.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आयझॅकने पावतीपुस्तक काढलं. मी म्हटलं, "आता नको. पावत्या बंद."

"का?"

सांगितलं. चुकले होते, एप्रिलपासून दुरुस्त केलंय, कर भरते. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"मला तुझ्या कराचं काय करायचंय, पोरी? मी त्यासाठी बोललो होतो का?"

"मग कशासाठी?"

"तिसऱ्या वर्षी मी खाईन म्हणालीस. त्यानंतर सहा महिने दर गुरुवारी पावती मागून घेतलीस, तारखेसकट. मला एवढंच कळत नव्हतं, यातलं खरं कुठलं?"

हा माणूस सहा महिने हे मनात घेऊन माझ्यासमोर बसून जेवत होता! आणि मी त्याला हेल्मेटच्या गोष्टी सांगत होते.

"वाफा," म्हटलं मी. "वाफा खरा."

त्याने पावतीपुस्तक उचललं, शेगडीचं दार उघडलं आणि आत टाकलं. कोरी पानं होती अजून, निम्मं पुस्तक! मी ओरडले, "अरे, जुन्या प्रती त्यातच आहेत! सात वर्षं जपाव्या लागतात!" दोघांनी चिमट्याने बाहेर काढलं. कडा तेवढ्या जळल्यात. तो हसून हसून खुर्चीत बसला, डोळे पुसत. मीही.

भाडं घ्यायला तयार नाही. मी देणारच. शेवटी ठरलं, भाडं नाही, पण बाजार माझा, आणि बाग खणायचं काम कायमचं माझं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी २०१५

परवा चोवीस महिने भरले. पहिल्यांदाच! सकाळी गोदीच्या दरवाजाचा पहिला सांधा तपासला. पास. वेल्डर म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

शुक्रवार, २७ मार्च

गाडी बंद केली आणि हातमोजे काढायच्या आधी वही घेतली. आता कुणाला द्यायची नाही, काही मागायचं नाही. तरी लिहिलं, मिनिटांसकट.

कुठून — घर. कुठे — हॅलिफॅक्स. कशासाठी — विकलेल्या घराच्या किल्ल्या द्यायला. मैल — १३४.

लिहून झाल्यावर पहिला रकाना पुन्हा वाचला. खाडाखोड केली नाही.